हौसाने काढलेली बातमी

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हा आप्पाच्या दारात ती पांढरी गाडी पहिल्यांदा येऊन थांबली. शेजारच्या अंगणात हौसा दोरीवर बोंबील अडकवत होती. गाडीतून तिशीची एक मुलगी उतरली. खांद्याला काळी पिशवी, पायात साध्या चपला. हौसाने हातातले बोंबील टोपलीत टाकले, पदराला हात पुसले आणि ती मुलगी ओटीवर चढायच्या आत ही मागच्या दाराने भावाच्या घरात हजर. हर्णै बंदरात कुणाच्या दारात गाडी थांबावी आणि हौसाला त्याचं कारण कळू नये, असं सहसा होत नसे.

हौसा बासष्टची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सुकी मासळी दापोलीच्या बाजारात नेऊन विकायची आणि येताना एसटीभर बातम्या गोळा करायची. कुणाची सून माहेरी जाऊन का बसली, कुणाच्या होडीचं इंजिन कुठे बंद पडलं, सगळं तिला आधी कळे, आणि तिला कळलं की गावाला कळे. तिच्या पोटात काही राहत नाही, असं तिचा थोरला भाऊ आप्पा तिच्या तोंडावर म्हणायचा. तिला त्याचा राग नव्हता. खोटं थोडंच होतं ते.

आप्पा तांडेल होता. चाळीस वर्षं त्याने होडी समुद्रात नेली आणि आणली. गेल्या पावसाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं, मग जेवण जाईना, मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तीन फेऱ्या झाल्या. बरोबर गेला त्याचा मुलगा सुजय. तो लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा आणि खेडला राहायचा. तिसऱ्या फेरीहून परत आल्यावर सुजय आईला घेऊन न्हाणीघराच्या मागे अर्धा तास बोलत उभा होता. हौसाने दोनदा तिकडून जायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तो गप्प झाला. तिला एवढंच सांगितलं गेलं, "पोटात जखम हाय, आत्ये. औषधानं भरेल."

जखम भरायची तर डॉक्टर घरी का पाठवतील, हे तिला तेव्हापासून टोचत होतं. आणि आता ही मुलगी.

मुलीचं नाव मृणाली. दापोलीच्या एका संस्थेची नर्स होती. हौसा दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. सलाइन निघालं नाही, सुई निघाली नाही. मृणाली आप्पाच्या खाटेशी जमिनीवरच बसली आणि बोलायला लागली. कुठे दुखतं, कधी दुखतं, रात्री किती वेळा जाग येते, शौचाला कधी झालं होतं, तोंड कोरडं पडतं का. तोंडात बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. टाचा बघितल्या, कंबरेखालची कातडी बघितली. मग दमयंतीला, म्हणजे आप्पाच्या बायकोला, विचारलं, "काकी, तुम्ही झोपता का?" दमयंतीने मान खाली घातली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. हौसानेही नाही.

तासाभराने मृणाली गोळ्या देऊन आणि वहीत लिहून गेली.

"हिचं काम तरी काय म्हणायचं?" हौसा वहिनीला म्हणाली. "डॉक्टर नाय, इंजेक्शन नाय. संडासाची चौकशी करायला गाडी घेऊन येते?"

दमयंतीने गोळ्या उचलून फळीवर ठेवल्या.

गोळ्या लहान होत्या, पांढऱ्या. दर चार तासांनी एक. हौसाने एक गोळी पदराच्या टोकाला बांधली आणि बंदरावरच्या मेडिकलवाल्याला नेऊन दाखवली. त्याने ती बोटांत फिरवली. "मॉर्फिन दिसतंय. आमच्याकडं नसतं हे. भारी औषध, नशेचं," एवढं बोलून त्याने गोळी अशी परत दिली, जणू हात भाजला.

ती घरी आली तर आप्पा गाढ झोपलेला. दुसऱ्या दिवशीही झोपलेलाच. चहाला उठायचा, दोन घोट घ्यायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा. हौसाचा जीव थाऱ्यावर राहिना. तिने वहीवरचा नंबर लावून घेतला.

"बाय, तू माझ्या भावाला गुंगी देऊन ठेवलीस."

पलीकडून मृणाली शांतपणे म्हणाली, "मावशी, आप्पा किती दिवस झोपले नव्हते?"

हौसाने हिशेब केला. गणपतीपासून तो रात्री बसून काढत होता, हे तिला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"मग ती झोप आता भरून निघतेय. शिवाय पहिले दोन-तीन दिवस हे औषध गुंगी आणतं. श्वास नीट चाललाय ना? हाक मारल्यावर ओळखतात ना? मग उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघा. आणि काही वाटलं तर कधीही फोन करा, मी उचलते. बरोबर दुसरी गोळी दिलीय, पोट साफ राहायची, ती चुकवू नका. ह्या औषधाने पोट धरतं."

"आणि सवय लागली तर? मेडिकलवाला नशेचं म्हणाला."

"दुखणं असताना, मोजून दिलेल्या औषधाची नशा चढत नाही. दुखणं ती खाऊन टाकतं म्हणा ना. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. लोक विचारत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात, आणि माणूस विनाकारण कळवळत राहतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसा भाताची पेज घेऊन गेली तर आप्पा ओटीवर खुर्ची टाकून बसलेला. किल्ल्याच्या आडून होड्या येत होत्या आणि हा एकेक ओळखून नावं घेत होता. चेहऱ्यावरच्या आठ्या गेल्या होत्या. हौसाला तो दहा वर्षांनी लहान दिसला.

त्या दिवसापासून ती मृणालीच्या मागे लागली. दर मंगळवारी गाडी आली की हौसा हात धुऊन तयार. टाचांखाली उशी अशी का ठेवायची? दर दोन तासांनी कूस का बदलायची? तोंडात पांढरं कसलं येतं? मृणाली सगळ्याची उत्तरं द्यायची. एकाच प्रश्नाला ती बगल द्यायची. "जखम भरतेय का गो?" असं विचारलं की म्हणायची, "ते आप्पांनी मला विचारलं तर मी त्यांना सांगेन, मावशी. दुसऱ्या कुणाला नाही."

हौसाला असलं उत्तर आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

डिसेंबर लागला. आप्पाचं पोट फुगलं, पाय सुजले, डोळ्यांत पिवळेपणा आला. एका दुपारी दमयंती नळावर गेलेली असताना त्याने बहिणीला जवळ बोलावलं.

"हौसे, साऱ्या गावाच्या बातम्या काढतेस. माझी एक काढ."

"कसली?"

"मला काय झालंय ती. सुजय सांगत नाय. तुझ्या वयनीला इचारून तिला घोर लावायचा नाय. तू काढशील."

"त्या पोरीला इचार ना. ती म्हणते, तू इचारलंस तर सांगेन."

आप्पाने समुद्राकडे बोट केलं. "एकदम कशाला इचारू? आधी वारा बघायचा, मग होडी काढायची. तू जाऊन ये."

पुढच्या बाजाराच्या दिवशी हौसाने टोपली ओळखीच्या बाईकडे सोपवली आणि संस्थेचं ऑफिस शोधत गेली. एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत बाकडी होती आणि बाकड्यांवर माणसं. मृणाली अजून फेरीवरून यायची होती. हौसा बसली, आणि तिच्या सवयीने शेजारणीशी बोलायला लागली.

शेजारीण गुहागरकडची, सासूची औषधं न्यायला आलेली. सासूला तोंडाचा कॅन्सर. पलीकडच्या माणसाच्या बायकोला स्तनाचा. कोपऱ्यातल्या तरुणाच्या वडिलांच्या किडन्या गेलेल्या, आणि त्यांनी डायलिसिस नको म्हणून सांगितलेलं. अर्ध्या तासात हौसाला सगळ्यांची घरं, गावं, दुखणी कळली.

"मग बरं वाटतंय का सासूला?" तिने विचारलं.

"दुखायचं थांबलं. घास घेते, नातवंडांशी बोलते," ती बाई म्हणाली. "पण इथं बरं व्हायला कुणी येत नाय, मावशी. जाईपर्यंत नीट जगायला येतात. तुमचं कोण आहे?"

"भाऊ," हौसा म्हणाली, आणि तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मृणाली आली तेव्हा बाकडी रिकामी झाली होती आणि हौसा एकटीच पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मृणालीने तिच्याकडे एकदा बघितलं, माठातलं पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली.

"मी तुला आप्पाचं इचारत नाय," हौसा म्हणाली. "कुणाचं तरी इचारते. असं दुखणं असलेलं माणूस जातं, ते कसं जातं? मला सगळं सांग. मला अर्धं सांगितलेलं चालत नाय."

"खरंच ऐकायचंय?"

"नाय तर तीन तास कशाला बसले असते?"

मग मृणालीने सांगितलं. झोप वाढत जाते. भूक आधी जाते, मग तहान. "उपाशी राहिल्याने माणूस जात नाही, मावशी. शरीराचं काम संपत आलेलं असतं, म्हणून त्याला अन्न नको होतं. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागतो, सलाइन लावलं तर पाणी अंगात साठून सूज वाढते. ओठ ओले ठेवायचे, तेवढं पुरतं." हात-पाय गार पडतात. माणूस कधी नसलेल्या माणसांशी बोलतो. श्वास मध्येच थांबतो, मग पुन्हा येतो. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला फार भयंकर वाटते, पण तोवर त्या माणसाला तिची जाणीव नसते. कुशीवर वळवलं की कमी होते. ऐकू मात्र बहुतेक शेवटपर्यंत येत असावं, म्हणून बोलत राहायचं.

"आणि दुखणं?"

"ते आमच्याकडे. गिळता येईनासं झालं की कातडीखाली औषध देता येतं. त्रास अजिबात होणार नाही असं वचन मी देत नाही. पण त्रास झाला तर आम्ही येऊ, हे नक्की."

हौसाने आणखी दहा प्रश्न विचारले. शेवटची एसटी निघायच्या वेळेला मृणालीनेच तिला स्टँडवर सोडलं.

घरी पोचल्यावर हौसा थेट भावाकडे गेली. आप्पा उशीला टेकून वाट बघत होता. हौसाने खाली बसून सुरुवात केली, आज बाजारात गर्दी कशी नव्हती, वाटेत एसटीचा टायर कसा बसला, कंडक्टर कसा वसावसा बोलला. आप्पा ऐकत होता. मग त्याने हात वर करून तिला थांबवलं.

"हौसे, तुझ्या तोंडून बातमी निघत नाय, म्हंजे कळलं मला."

तिने त्याच्या पायावर हात ठेवला. पाय सुजून दगडासारखा झाला होता. आप्पाच्या चेहऱ्यावर भीती असेल म्हणून तिने चोरून बघितलं, तर तो कसला तरी विचार करत होता, वाऱ्याचा अंदाज घेताना करायचा तसा.

"मंगळवारी इचारतो तिला," तो म्हणाला. "सुजयला सुट्टी काढून यायला सांग."

सुजय आला तो चिडूनच. अंगणातच त्याने हौसाला गाठलं. "आत्ये, तुला काय गरज होती दापोलीला जायची? आप्पांनी धीर सोडला तर?"

"मी एक शब्द बोलले नाय," हौसा म्हणाली. तेही खरं होतं, आणि सुजयचा त्यावर विश्वास बसण्यासारखा नव्हता.

मृणाली आल्यावर त्याने तिलाही अडवलं. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सुजयदादा, मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही. ते माझ्याशी खोटं बोलत नाहीत ना, म्हणून."

आत गेल्यावर आप्पाने वेळ घालवला नाही. "बाय, मला कॅन्सर हाय का?"

मृणालीने खुर्ची जवळ ओढली. "आप्पा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, हाय."

"हो. आहे."

"बरा होणारा?"

"नाही."

सुजय भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आप्पाने दमयंतीकडे बघितलं. ती रडत नव्हती. "तुला म्हायत होतं," तो म्हणाला.

"मला वाटलं, तुम्हाला म्हायत नाय."

"मला वाटलं, तुला म्हायत नाय. म्हणून मी गप."

दोन महिने दोघांनी एका खोलीत एकमेकांपासून तेच लपवलं होतं. दमयंती उठली, खाटेच्या कडेवर बसली, आणि सगळ्यांच्या देखत तिने नवऱ्याचा हात मांडीवर घेतला. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी हौसाने असं कधी पाहिलं नव्हतं.

आप्पाचे प्रश्न साधे होते. किती दिवस? मृणाली म्हणाली, महिने नाहीत, आठवडे असतील, नक्की कुणी सांगू शकत नाही. दुखेल का? हॉस्पिटलात जावं लागेल का? "तुमची काय इच्छा आहे?" तिने उलट विचारलं. "हितंच," आप्पा म्हणाला. "होड्या दिसल्या पायजेत. नळ्या नको." मृणालीने ते वहीत लिहिलं, त्याला वाचून दाखवलं आणि सुजयला सही करायला सांगितली. सुजयने सही केली, पण पेन बराच वेळ कागदावर नुसतं टेकलेलं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे घर वेगळंच झालं. कुणाला न्हाणीघरामागे जाऊन बोलावं लागत नव्हतं. एका संध्याकाळी सुजय आणि दोन खलाशांनी आप्पाला खुर्चीसकट टेम्पोत चढवून बंदरावर मासळीच्या लिलावाला नेलं. वाळूवर खुर्ची ठेवली. जुने तांडेल येऊन बसले, पापलेटच्या भावावरून वाद घालून गेले. आप्पाने सुजयला सांगितलं की होडी विकून टाक, तुला त्यात रस नाही आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नको. हे बोलायचं दोघांनीही दहा वर्षं टाळलं होतं.

जानेवारीत त्याने खाणं सोडलं. दमयंती वाटी घेऊन मागे लागायची, तो तोंड फिरवायचा. हौसाने वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि ओल्या कापसाने ओठ कसे पुसायचे ते दाखवलं. नर्सने दाखवलं होतं तसंच. तरी दमयंती म्हणायची, "उपाशी पाठवायचं का गो त्यांना?" तेव्हा हौसा सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची, दिवसातून चार वेळा.

शेवटच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, घशात घरघर सुरू झाली. आवाज ओटीपर्यंत येत होता. सुजय रजा घेऊन आलेलाच होता. तो धावत आत गेला, बाहेर आला आणि अँब्युलन्सला फोन केला. "श्वास कोंडलाय त्यांचा. चिपळूणला नेतो. असं बघत बसायचं का?"

हौसाने आधी मृणालीला फोन लावला. ती आंजर्ल्यात दुसऱ्या घरी होती, तासाभरात येते म्हणाली. मग हौसा सुजयपाशी गेली. ती आयुष्यात कधी हळू बोलली नव्हती, आज बोलली.

"हितं ये. त्याच्या कपाळाकडं बघ. दुखताना कशा आठ्या पडायच्या, तुला ठाऊक हाय. आता हायत का?"

सुजयने बघितलं. नव्हत्या.

"हा आवाज आपल्याला त्रास देतो, त्याला नाय. थुंकी गिळता येत नाय म्हणून होतो. धर खांद्याला, डाव्या कुशीवर घेऊ."

दोघांनी मिळून त्याला वळवलं, पाठीशी उशी लावली. घरघर एकदम गेली नाही, पण खाली आली. अँब्युलन्स येऊन रस्त्यावर उभी होती. ड्रायव्हर दारात येऊन विचारायला लागला, पेशंट कुठे आहे. सुजय बापाचा खांदा धरून बसलेला. त्याने हौसाकडे पाहिलं, मग आईकडे. दमयंतीने नाही म्हणून मान हलवली.

"नाय न्यायचं," सुजय ड्रायव्हरला म्हणाला. "तुम्हाला उगाच हाक मारली. माफ करा."

मृणाली आली, तिने कातडीखाली बारीक सुई बसवून औषध दिलं आणि संध्याकाळपर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी, भरती लागायच्या वेळेला, आप्पा गेला. श्वास थांबला, पुन्हा आला, थांबला, आणि सगळे पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले. सुजय त्याला आदल्या रात्री आलेल्या होड्यांची नावं सांगत होता. ती यादी त्याने पुरी केली.

आठव्या दिवशी मृणाली उरलेल्या गोळ्या परत न्यायला आली. त्या मोजून जमा कराव्या लागत. दमयंती आत झोपली होती, मृणालीने तिला उठवू दिलं नाही. हौसाने चहा केला आणि ओटीवर तिच्यासमोर बसली.

"एक इचारायचं राहिलं," ती म्हणाली. "जायच्या आधी त्यानं डोळे उघडले. सुजयकडं नाय बघितलं, वयनीकडं नाय. वर कौलाकडं बघितलं, आणि मला वाटलं, हसला. काय दिसलं असेल?"

मृणालीने कप खाली ठेवला. "मला माहीत नाही, मावशी."

"तू एवढ्या माणसांपाशी बसलीस."

"तरी नाही माहीत."

हौसाला ते पटलं नाही. कुठेतरी कुणाला तरी ठाऊक असेलच, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तिने तो प्रश्न बाजूला ठेवला. "आता इथनं कुणाकडं चाललीस?"

"ते सांगता येत नाही."

"गावातलंच कोण हाय?"

मृणाली हसली, पिशवी खांद्याला लावून गाडीत बसली. गाडी निघाली तशी हौसा अंगणातून रस्त्यावर आली, आणि वळणाशी ती मुरूडकडे वळते की बंदराकडे, हे दिसावं म्हणून कपाळावर हात धरून उभी राहिली.